दहापैकी दहा

लाखनीच्या स्टँडवर सानगडीची बस अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर भरतीच्या क्लासच्या दोन पोरी बसल्या होत्या, कीर्ती आणि रुचिका.

"रुचिका, खरं सांग. कंजंक्शनचे दाही प्रश्न बरोबर कसे आले तुहे?"

"अभ्यास केला."

"तू? मागच्या टेस्टमधी तर 'बट' आन् 'बिकॉज'मधीच अडकली होती."

"म्हणूनच केला. कागद कंबरेले खोचून धानाच्या रोवणीले जात होती मी."

"सरांनं पेपर आधी दाखवला का तुले?"

"कायले दाखवतील, वो? तू काहून एवढी पुसून राहिली?"

"फ्री बॅचमधी एकच सीट आहे, म्हणून. माह्या पेपरात पाहिलं ना तू?"

"नाही."

"खोटं नको बोलू. तू वाकून पाहून राहिली होती. मले दिसलं."

"बरं, पाहिलं. दर टेस्टले पाहते, तुले माहीत आहे."

"मंग दहा कसे आले?"

"म्हंजे?"

"म्हंजे माह्यावालं पाहून दहा येऊच शकत नाही."

"हो, तुहे चार चुकले दिसले मले. वाटलं, बिचारीचं चुकून राहिलं. सर समोरच उभे होते, नाही तर तुले सांगितलं असतं."

"बस काहून नाही आली वो अजून?"

"पण तुले बी तर दहाच आले ना, कीर्ती?"

"चाल, बस आली वाटते."

"बस नाही आली. शेवटच्या पाच मिनिटांत तू खोडरबर घेऊन काय खोडून राहिली होती?"