दुसरं तिकीट फुकट

सरकून बसा, मंडळी! दारात बायका उभ्या आहेत, त्यांना आत येऊ द्या. मोबाईल बंद केलेत ना? खिशातच राहू द्या. शेवटी लागणार आहेत. कशाला, ते शेवटी सांगेन.

पूर्वरंगात देवाविषयी बोलून झालं. आता माणसाविषयी बोलू. प्रश्न एकच — जे आज करता येतं, ऐपत आहे, पाय धड आहेत, तेच आपण फुकट होईपर्यंत का लांबवतो?

हसू नका! नवस बोलता ना? 'देवा, आधी मुलाला नोकरी लाव, मग अभिषेक करतो.' ही ऑफरच की! देवाला ऑफर देणारी माणसं आपण. मग बँकेनं आपल्याला दिली तर नवल काय?

तर ऐका. फलटणला अरविंदराव उकिडवे नावाचे गृहस्थ. वीज मंडळात होते, मीटर रीडिंगला. सज्जन माणूस! तेहेतीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून आकडे टिपले. कुणी म्हणालं, 'साहेब, चहा घ्या', तर म्हणायचे, 'नको, पुढची घरं राहिलीत.' हजारो दारं पाहिली, आत एकाही घरात बसले नाहीत. हे लक्षात ठेवा हं. मी कदाचित विसरेन.

निवृत्त झाले. मोजायला काही उरलं नाही, हात शिवशिवायला लागले. अशात एकदा पुण्याच्या मॉलमध्ये टाय लावलेल्या एका माणसानं गाठलं. 'सर, विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड. खर्च करा, पॉइंट मिळतील. पॉइंट साठले की तिकीट!' मोजायला मिळालं! अरविंदरावांनी त्याच दिवशी सही केली, वही घातली, रकाने आखले.

आणि कारणही होतं, मंडळी. नुसता नाद नव्हता. त्यांच्या पत्नी कुमुदताई, त्यांची थोरली बहीण शालन. ती लग्न होऊन गेली थेट गुवाहाटीला. यजमान तिकडे चहाच्या कंपनीत होते. ते वारले, शालनताई मुलाजवळ राहिल्या. दोघी बहिणींची भेट होऊन सात वर्षं झालेली. दर रविवारी फोन. 'कुमे, कधी येतेस?' आणि कुमुदताईंचं उत्तर, 'हे म्हणतात, पॉइंट पुरे झाले की.'

असं किती दिवस? चार वर्षं!

नाही हो, ऐपत होती. पेन्शन चांगली. दोन तिकिटं आरामात निघाली असती. पण अरविंदरावांचं म्हणणं, 'फुकट मिळणारच आहे, तर विकत कशाला?' ऐकायला बिनतोड! हो ना? कुमुदताई दर रविवारी फोनवर तेच सांगत राहिल्या.

मग एक दिवस बँकेतून फोन. गोड आवाज. 'सर, तुमच्यासाठी खास. वरच्या दर्जाचं कार्ड! फी दहा हजार फक्त. तीन महिन्यांत दोन लाख खर्च करा, एका तिकिटावर दुसरं तिकीट फुकट! ऑफर महिनाअखेरपर्यंत.'

थांबा. इथं मी थांबतो. तुम्हीच सांगा, घ्यावं की न घ्यावं? घ्यावं वाटतं त्यांनी हात वर करा.

अरे वा! बरेच आहेत. बंडोपंत, पेटी सोडून तुम्हीही? सूर धरा, सूर!

अरविंदराव तुमच्यापेक्षा सावध. एकदम होकार नाही दिला. वही उघडली. घरखर्च तीन महिन्यांचा पाऊण लाख. उरले सव्वा लाख. ते कुठं घालायचे?

'कुमुद, नवा फ्रिज घेऊ या.'

'जुना चालतोय की.'

'चालतोय गं. पण पंचवीस हजार खपतील.'

ऐकलंत? खपतील! वस्तू घरात येणार म्हणून नव्हे, पैसे जाणार म्हणून आनंद!

राहिला एक लाख. तेवढ्यात शेजारच्या जगदाळ्यांच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न ठरलं. म्हणजे बस्ता आला! सगळं गणगोत एका दुकानात बसून लग्नाचे कपडे घेणार. अरविंदरावांचे डोळे चमकले. जगदाळ्यांना म्हणाले, 'बस्ता माझ्या कार्डावर घ्या. तुम्ही मला रोख द्या. तुमचं काही जात नाही, माझे दोन लाख भरतात.' जगदाळे भला माणूस, म्हणाला, 'साहेब, तुमचं भलं होत असेल तर होऊ दे.' आता बँकेला होकार कळवायचा, की झालं! पण नाही. मीटरवाल्याची सवय — आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचा नाही. आधी बस्त्याला जाऊ, किती होतोय ते पाहू, सगळे कबूल आहेत ना ते विचारू, दुकानातूनच बँकेला फोन लावू, कार्ड आलं की दुकानाचं बिल भागवू.

रविवारी दुकानात तीस माणसं. पांढऱ्या गाद्या, चहाचे कप, साड्यांचे ढीग. एका कोपऱ्यात अरविंदराव, मांडीवर वही. लुगडं उलगडलं की लिही, शर्टपीस फाडला की लिही. नवरदेवाकडच्या बायका कुजबुजल्या, 'हे कोण? दुकानाचे मुनीम का?' कुमुदताईंनी पदरात तोंड लपवलं.

मग आली पिवळी. नवरीनं बोहल्यावर चढताना नेसायची पिवळी साडी. ती मामाकडची, हे तुम्हाला मी सांगायला नको. मामा म्हणजे संपतमामा, म्हसवडला त्यांची छोटी बेकरी. पहाटेच्या एसटीनं आलेले. साडी निवडली, नऊ हजारांची. मामांनी खिशात हात घातला —

'राहू द्या मामा!' अरविंदराव कोपऱ्यातून ओरडले. 'तीही माझ्या कार्डावर. रोख माझ्याकडे द्या. एकच की!'



मामा वळले. रागावले नाहीत बरं का. हसून म्हणाले, 'एकच कसं, साहेब? उद्या मांडवात कुणी विचारलं, पिवळी कुणाची? तर काय सांगू, बँकेची?'

'अहो, पैसे तुमचेच ना शेवटी!'

'पैसे माझेच. पण देणारा हात? पोरगी झाली त्या दिवशी बहिणीला बोललो होतो, हिची पिवळी मी आणणार. त्यासाठी आलोय. तेवढं तरी माझं मला करू द्या.'

आणि मामांनी नोटा काढल्या. बेकरीतल्या नोटा, मंडळी! खारीचा वास येणाऱ्या. एकेक मोजून गादीवर ठेवली. समोर त्यांची बहीण, नवरीची आई. ती साडीकडे बघत नव्हती. भावाच्या हाताकडे बघत होती.

ते कुणी पाहिलं? कुमुदताईंनी पाहिलं.

अरविंदरावांनी काय केलं? त्यांनी वहीत लिहिलं — 'नऊ हजार कमी', आणि बँकेचा फोन लांबवला.

घरी चालत निघाले दोघं. अरविंदराव बोलतायत, 'नऊ हजारांसाठी एखादा मिक्सर —'

'अहो,' कुमुदताई म्हणाल्या. 'शालनताईला काचबिंदू झालाय.'

'ते माहीत आहे. औषध चालू आहे ना?'

'चालू आहे. पण गेलेली नजर परत येत नाही. बाजूचं काहीच दिसत नाही आता. नळीतून बघितल्यासारखं, समोरचं तेवढं. गेल्या रविवारी म्हणाली, कुमे, तुमचे पॉइंट वाढतायत आणि माझी नजर कमी होतेय. गाठ कुठं पडायची?'

'मला का नाही सांगितलंस?'

'सांगणार होते. तुम्ही रकाने भरत होतात.'

बस्. एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, वाद तरी घालता आला असता!

अरविंदराव घरी आले, ओट्यावर बसले, वही उघडली. चार वर्षांचे आकडे. सुबक, एक खाडाखोड नाही. तेहेतीस वर्षांचा मीटरवाला तो, त्याला वाचता येणार नाही का? मीटर गरगर फिरत होता, आणि घरात दिवा कुठंच लागला नव्हता.

फोन वाजला. गोड आवाज. 'सर, मग कार्ड पाठवू ना? दुसरं तिकीट फुकट आहे, सर!'

'नको, ताई.'

'सर, पण फुकट —'

'हे फुकट मला चार वर्षांना पडलंय.'

फोन ठेवला, जगदाळ्यांना 'बस्त्याचं बिल तुम्हीच भरा' म्हणून सांगितलं आणि त्याच आठवड्याची दोन तिकिटं काढली. पूर्ण पैशांची. दोन्ही!

आता गुवाहाटी. तबला नको, बुवा. हात आवरा.

दार उघडं. शालनताई खुर्चीवर. कुमुदताई समोर जाऊन जमिनीवर बसल्या. शालनताईंनी दोन्ही हातांत बहिणीचा चेहरा धरला आणि बघायला लागल्या. पण चेहरा एकदम मावेना नजरेत! नळी ना ती! मग चेहरा हळूच खाली केला — 'हे कुंकू.' जरा वर — 'हे नाक, आईचं.' डावीकडे वळवला — 'तीळ आहे अजून.' मग हनुवटी. मग पुन्हा कुंकू.

अरविंदराव उंबऱ्यावर उभे. सवयच ती. शालनताईंच्या सूनबाई म्हणाल्या, 'काका, आत या, चहा घ्या.'

ओठांवर आलं होतं, 'नको —'

पण आत गेले. बसले. चहा घेतला.

शालनताई म्हणाल्या, 'कुमे, सगळी दिसलीस. तुकड्यातुकड्यानं का होईना, सगळी दिसलीस.'

चार वर्षांपूर्वी अख्खी दिसली असती. हे त्या म्हणाल्या नाहीत.  पण अरविंदरावांना तेवढंच ऐकू आलं.

झालं आख्यान.

आता मघाशी हात वर केलेले तुम्ही! कार्ड घ्या नाहीतर घेऊ नका, बँकेशी माझं भांडण नाही. या गाभाऱ्यातल्या दत्तमहाराजांच्या दर्शनाला तिकीट लागत नाही. माणसाच्या दर्शनाला मात्र लागतं, आणि ते आपल्याच हातानं, पूर्ण भरावं लागतं. तुमचं गुवाहाटी कुठं आहे? नगरला? नाशिकला? दोन गल्ल्या सोडून?

रोज मी इथं गजर करायला सांगतो. आज नाही. आज मोबाईल काढा. हो, देवळात! मी सांगतोय ना! ज्याला 'येतो, येतो' म्हणून टांगून ठेवलंय, त्याला आत्ता लावा, आणि दिवस सांगा. वार नको, तारीख सांगा.

लावा. मी थांबतो.

...

ऐका, बंडोपंत. पेटी बंद करा आणि ऐका. अख्ख्या देवळात एकच चाललंय — 'हॅलो... अगं मीच... हो, मीच बोलतोय...'

याहून गोड गजर मला तरी म्हणता येत नाही. मी खाली बसतो. चालू द्या तुमचं.