चिमूटभर युरिया

हर्षा : मंग बाबा, काचेच्या पेटीतल्या साऱ्या मासोया वरतं येऊन तोंड काऊन वासून राह्यल्या?

बापूराव : सूनबाई माहेरून आली ना. तुले पाहाले आल्या.

हर्षा : माह्या माहेरून येण्याचं या घरात एवढं कोणाले कौतुक नाई. त्याईचा दम घुटून राह्यला. पेटीत काय टाकलं तुमी?

बापूराव : मी काऊन टाकू?

हर्षा : मंग तुमच्या तंबाखूच्या डब्बीत हे पांढरे दाणे कायचे? साखर खाता का तंबाखूसंगं?

बापूराव : ...युरिया.

हर्षा : युरिया.

बापूराव : चिमूटभरच. पेटीतल्या झाडाचे पानं पिवळे पडले होते. धान पिवळं पडलं का युरिया, जन्मभर हेच केलं. धानाच्या बांधीतल्या मासोया कधी मेल्या नाई.

हर्षा : बांधी केवढी अन् हे पेटी केवढी? युरियाचं पाण्यात जहर होते, बाबा. मासोयाईचे कल्ले जळते. पाइप द्या, अर्धं पाणी काढू.

बापूराव : मी नळ सोडतो.

हर्षा : नळ नोका सोडू, त्यात ब्लीचिंग असते. जाताना मी भरून ठेवल्या त्या बादल्या आणा. अन् हवेची मशीन पुरी चालू करा.

(दोघं पाणी बदलतात.)

बापूराव : मंग झाडाले का उपाशी मारतं?

हर्षा : मासोयाईची घाणच त्याले पुरते. नाई पुरलं तं पेटीच्या झाडाचं वेगळं खत भेटते, बिना युरियाचं. तेही बाटलीवर लिवलं त्याच्या अर्धं.

बापूराव : म्हंजे खाणं इथीच, शेणखतही इथीच. लेकाचे सुखी हायेत.

हर्षा : पण डब्बीत युरिया घेऊन फिरता काऊन?

बापूराव : यंदा बांधी दुसऱ्याले बटईनं दिली. पोत्यात मूठभर उरला होता, फेकवला नाई. इथी ब्रह्मपुरीत माह्या हाताले कामच नाई, पोरी. पान पिवळं दिसलं अन् खरं सांगू, लय बरं वाटलं.

हर्षा : ...ते काळी मासोयी पाहा. खाली गेली.

बापूराव : बाकीच्या?

हर्षा : जातीन. आता आठ दिवस रोज थोडं पाणी बदलाव लागन. मले तं ड्यूटी हाये.

बापूराव : मी हाये ना रिकामा.

हर्षा : मंग डब्बी इकडे द्या.

बापूराव : घे. अन् ते पिवळं पान... तेवढं मी खुडू का?

हर्षा : खुडा. तुमचीच बांधी हाये.