बरणीभर यीस्ट

बिअर कारखान्याच्या ऑफिसबाहेर माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते, लेकीच्या मांडीवर रिकामी बरणी.

“आजोबांपासून जपलेलं यीस्ट तू मोरीत ओतलंस?”

“बाबा, मला तो टाकीतला गाळ वाटला.”

“गाळ? त्यावर तीन पिढ्यांची बिअर आंबली.”

“मग मला शिकवलं का नाहीत? ‘हे पोरींचं काम नाही’ म्हणालात. टाकी धुवायला मात्र मी बरी आठवले.”

“तोंड आवर. वाटणीत तुझ्या काकानं त्यातलंच बरणीभर चोरलं होतं.”

“चोरलं म्हणूनच ते यीस्ट आज जिवंत आहे.”

“आणि आता त्याच चोराच्या दारात मी हात पसरू?”

आतून आवाज आला, “दादा, बाहेर काय बसलास? आत ये की.”

“बरणी दे इकडे. आणि मागायचं नाही, कळलं? आपलंच आहे, परत न्यायला आलोय.”