भिंतीतली शेगडी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक बहीण-भाऊ होते. घरात धूर कोंडल्यामुळे त्यांची आई आत बेशुद्ध पडली होती.

"ताई, बस ना जरा. किती येरझारा घालशील?"

"बसवत नाही रे. त्या शेगडीचं धुराडं बाबांनी वरून बंद केलं होतं, ते आई विसरलीच कशी?"

"किती वर्षं झाली त्याला! आजोबांच्या वेळी घरात ऊब म्हणजे भिंतीतली ती एकच शेगडी. सगळे तिच्याभोवती झोपायचे."

"बाबा सांगायचे, पांघरुणात कुणाचे पाय कुठले तेच कळायचं नाही."

"मग त्यांनी तळघरात बॉयलर बसवला. खोल्याखोल्यांतून गरम पाण्याचे पाइप फिरवले."

"आणि आपण दोघं आपापल्या खोल्या घेऊन बसलो. काय खूश होतो!"

"आज नेमका तो बॉयलर बंद पडला असणार. नाहीतर आई कशाला आग पेटवेल?"

"बंद नव्हता."

"म्हणजे?"

"तिला बाहेर ओढताना माझा हात पाइपला लागला. बघ, चांगलाच पोळलाय. तू कुठे होतास तेव्हा?"

"वरच्या खोलीत. दार लावून."

"मी पण खोलीतच होते. शेगडीपुढे तिने तीन उशा मांडल्या होत्या."

"तीन?"

तेवढ्यात नर्स दारात आली. "शुद्धीवर आल्यात. पण एकेकानेच आत जायचं."

"आम्ही दोघंही येतो," भाऊ म्हणाला, आणि ताईला पुढे घालून आत शिरला.