घोड्याखालची हळद

आमच्या काकाचं लायसनचं रिव्हॉल्वर अडकलं म्हणून एक माणूस आज जिता हाय, माहीत हाय का?

अहमदपूरजवळच्या शेतात सकाळी तूर हलली. काका ओरडला, "रानडुक्कर!" अन् चाप ओढला. खट्! पुन्हा ओढला. खट्!

तेवढ्यात तुरीतून शेजारचे भानुदासराव पाण्याची बाटली घेऊन उठले. "ओ, मी हाय मी!"

काकानं तसंच रिव्हॉल्वर नांदेडला नेलं.

तिथल्या बंदूकवाल्यानं ते उघडून पाह्यलं. काकू दरवर्षी दसऱ्याला शस्त्र म्हणून रिव्हॉल्वरची पूजा करायची. हळद-कुंकू अन् तेलाचा थर घोड्याखाली गच्च बसला होता.

"साफ करू का?"

काका म्हणला, "हात लावू नका!"

यंदा दसऱ्याला भानुदासराव सगळ्यांच्या आधी हजर. म्हणले, "वैनी, हळद जरा दाबून भरा."