शहाऐंशीनंतर अठ्ठ्याऐंशी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय श्यामलाताई, कार्यवाह हिंमतराव जगतापसाहेब, सत्कारमूर्ती कादरभाई तांबोळी, रझियाभाभी, मंचावरचे इतर मान्यवर, आणि नारायण पेठेतल्या आपल्या या वाचनालयाच्या सभासद बंधू-भगिनींनो, सर्वांना दुर्गा वानखडेचा नमस्कार.

मी कागदात बघून बोलणार आहे. पण हा कागद मी स्वतः टाइप केलाय! अक्षर एवढं मोठं ठेवलंय की चष्मा लागत नाही. अक्षर आपल्याला हवं तेवढं मोठं करता येतं, हे वर्षापूर्वी मला कोणी सांगितलं असतं, तर मी विचारलं असतं, मग पुस्तकवाले ते एवढं बारीक का छापतात?

आपल्यापैकी बरेच जण मला ओळखतात ते माझ्या यजमानांमुळे. आनंद वानखडे. या वाचनालयात सोळा वर्षं लेखनिक होते. आम्ही मूळचे अकोल्याकडचे, आता राहतो धायरीला. मी दहावी पास. पण दर शनिवारी हे माझ्यासाठी इथून दोन पुस्तकं आणायचे, आणि पुढच्या शनिवारी ती परत न्यायचे. दहावीनंतरचं माझं सगळं शिक्षण या कपाटांतलं आहे. गेल्या वर्षी हे गेले. त्याबद्दल आज जास्त बोलणार नाही. दुःख आहे, जागच्या जागी आहे, त्याची रोज वेगळी विचारपूस करावी लागत नाही.

कार्यकारिणीने ह्यांची जागा मला दिली, एक वर्षासाठी. जगतापसाहेब तेव्हा म्हणाले होते, "बाई, सहानुभूती पूर्ण आहे. पण खुर्ची सहानुभूतीने चालत नाही, कॉम्प्युटरने चालते. वर्षभरात शिका. नाहीतर बाहेरचा माणूस घ्यावा लागेल." साहेब, मला तेव्हा तुमचा राग आला होता. आता नाही. म्हणजे, फारसा नाही.

शिकवायचं कोणी? तर आपले व्यवस्थापक कादरभाई. एक ते चार वाचनालय बंद, त्या वेळात सारी पेठ झोपते, आणि आम्ही तिघं जागे. कादरभाई, मी आणि आमच्या दोघांसाठी डबा घेऊन येणाऱ्या रझियाभाभी.

पहिल्याच आठवड्यात मी पाऊण तास खपून एक सूचना टाइप केली. 'पुस्तकांची पाने दुमडू नयेत.' आणि वीज गेली.

"सेव्ह केलं होतं?" कादरभाईंनी विचारलं.

"म्हणजे काय करायचं असतं?"

"वहिनी, तापवलेल्या दुधावर झाकण ठेवता की नाही?"

"ठेवते."

"का?"

"मांजर तोंड घालतं."

"मग? इथलं मांजर म्हणजे वीज. दर दोन ओळींनी झाकण."

त्या दिवसापासून मी इतक्या वेळा सेव्ह करते, की भाभी म्हणतात, "दुर्गा, आता त्या बटणालाच सुट्टी दे."

मग एक्सेल. प्रत्येक कपाटात किती पुस्तकं, ते मी एकाखाली एक लिहिलं. शेवटी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने बेरीज केली आणि खालच्या चौकोनात टाइप केली. मोठ्या अभिमानाने दाखवायला नेली. कादरभाईंनी कागदाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला घोडा दिलाय, आणि तुम्ही त्याचा लगाम धरून धायरीपर्यंत पायी निघालात."

पण ज्या दिवशी मी एक आकडा बदलला आणि खालची बेरीज आपोआप बदलली, त्या दिवशी मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. अहो, खरंच वाजवली! भाभी साक्षीदार आहेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला असा आनंद होतो, हे कोणत्याच पुस्तकात वाचलं नव्हतं मी.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायची की नाही, याचा आठ दिवस विचार केलाय.

माझं वर्ष संपत आलं, तेव्हा जगतापसाहेबांनी परीक्षा ठेवली. आजच्या या निरोप समारंभाची निमंत्रणं. तीनशे चाळीस सभासदांची यादी एक्सेलमध्ये होती. वर्डमधलं पत्र त्या यादीला जोडायचं, म्हणजे प्रत्येक पत्रावर ज्याचं त्याचं नाव आपोआप येतं. साहेबांच्या अटी दोन. पहिली, गेल्या वर्षी एका दिवंगत सभासदाच्या नावाने पत्र गेलं आणि घरच्यांना फार लागलं, तसं यंदा एकही जाता कामा नये. दुसरी, कादरभाईंनी मदत करायची नाही. समारंभ त्यांचाच, आणि परीक्षा माझी.

मी तीन दिवस घरोघरी फोन केले. अकरा जण वारले होते. नावं वहीत लिहून घेतली, आणि चौथ्या दिवशी यादी उघडून एकेक ओळ पुसून टाकली. माऊसचं उजवं बटण, डिलीट. उजवं बटण, डिलीट. हात कसा चालत होता! शेवटी यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी म्हणून बसले, आणि एका ओळीवर थांबले. आनंद वानखडे, धायरी.

यादी ह्यांनीच केलेली. सेवक असले तरी रीतसर सभासदही होते, त्यामुळे स्वतःचं नावही लिहिलेलं. माझ्या वहीत हे नाव नव्हतं. कारण ह्यांच्या घरी फोन करायची मला गरजच पडली नव्हती.

उजवं बटण दाबलं. डिलीट समोर आलं. आणि बोट काही खाली जाईना.

किती वेळ बसले होते, ठाऊक नाही. कादरभाई चहाचा कप घेऊन शेजारून गेले, थांबले, पडद्यावरचं नाव त्यांनी वाचलं.

"पुसता कशाला, वहिनी? गाळा."

"गाळा म्हणजे?"

"शेवटी एक रकाना वाढवा. त्याला नाव द्या, शेरा. शेऱ्यात 'दिवंगत' लिहा. मग फिल्टर लावा, म्हणजे ज्यांच्यापुढे शेरा नाही तेवढेच दिसतील. पत्र जोडताना वर्डमध्येही हाच फिल्टर लावा, म्हणजे पत्रंही तेवढ्यांनाच जातील." मग माझ्या वहीतली नावं मोजून म्हणाले, "बाकीचे अकरा?"

"पुसले."

कादरभाई उभ्याउभ्याच चहा प्यायले. कप ठेवला आणि म्हणाले, "त्यांच्याही घरी कोणीतरी असेल ना."

मंडळी, मला माझीच लाज वाटली. माझ्या माणसाच्या ओळीवर बोट अडतं, आणि अकरा घरांच्या ओळी मी भाजी निवडावी तशा फेकून दिल्या. मी कंट्रोल झेड दाबलं. मुक्ताई साने परत आल्या. पुन्हा दाबलं, कोंडीराम भोर परत आले. अकरा वेळा दाबलं, अकराही जण आपापल्या जागी येऊन बसले. मग शेऱ्याचा रकाना केला, बारा वेळा 'दिवंगत' लिहिलं. बारावा शेवटी लिहिला. फिल्टर लावला.

आणि मग मी जे पाहिलं, ते सांगण्यासाठीच आज इथे उभी राहिले आहे. ह्यांची ओळ सत्त्याऐंशीवी. ती दिसेनाशी झाली. पण खालची ओळ वर सरकून सत्त्याऐंशी झाली नाही! डावीकडचा आकडा शहाऐंशी, आणि त्यानंतर एकदम अठ्ठ्याऐंशी. ती जागा यंत्राने दुसऱ्या कोणाला दिली नाही. मी रडले नाही. मला हसूच आलं. मी भाभींना ओढत आणून दाखवलं, "बघा, बघा, शहाऐंशीनंतर अठ्ठ्याऐंशी!" त्यांना वाटलं, मी काहीतरी बिघडवलं.

तीनशे अठ्ठावीस पत्रं गेली. एकही चुकलं नाही. आणि मागच्या शनिवारी साहेबांनी मला कायम केल्याचं पत्र दिलं.

जगतापसाहेब, ते पत्र या पिशवीत आहे. त्यात लिहिलंय, 'कोणाच्याही मदतीशिवाय काम पूर्ण केले.' साहेब, ते खरं नाही. अट मोडली गेली. आपण पत्र परत मागितलंत तर मी आत्ता देईन. पुन्हा परीक्षा घ्या, याच हॉलमध्ये, सर्वांसमोर घ्या. मला भीती वाटत नाही, कारण आता मला येतं.

साहेब मान हलवताहेत. ती होकाराची की नकाराची, हे पुण्यात पंचवीस वर्षं काढूनही मला कळत नाही.

आणि ही चिठ्ठी आली. वाचून दाखवू साहेब? वाचते. 'एक. माऊस कोणाच्या हातात होता? दोन. आपली वेळ संपली आहे.'

माझ्या हातात होता, साहेब. पूर्ण वेळ माझ्याच हातात होता. कादरभाईंच्या हातात चहाचा कप होता.

साहेब म्हणताहेत, "मग पत्र पिशवीतच ठेवा, आणि सोमवारी वेळेवर या."

येते, साहेब. आभारी आहे! टाळ्या माझ्यासाठी नकोत, कादरभाईंसाठी ठेवा.

वेळ संपली, तरी दोनच वाक्यं. कादरभाई, सेवकांच्या यादीत तुमची ओळ चौथी. आज सकाळी येऊन मी तुमच्या शेऱ्यात 'निवृत्त' लिहिलं आणि फिल्टर लावून पाहिला. तीननंतर पाच आला. सोमवारी तुमच्या जागी नवे व्यवस्थापक येतील, त्यांना मी सर्वांत खाली नवी ओळ देणार आहे. चौथी कोणालाही मिळणार नाही, तेवढं माझ्या हातात आहे.

श्यामलाताईंनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, भाभींनी एक वर्ष पोटभर जेवू घातलं, या सगळ्याचे आभार. बोलताना कोणाला काही लागलं असेल तर माफ करा. तोंडातून गेलेल्या शब्दाला कंट्रोल झेड नसतं, तिथे आपल्यासारख्यांची माफीच लागते.

नमस्कार.