राज्य विरुद्ध एक पांढरी पिकअप

टेक्ससमधल्या लारेडो शहरात पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्यांच्या आवारात ओफेलिया रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारा-म्हातारी आपली गाडी सोडवायला आले होते.

"अहो, हसताय काय? तुमच्या भाच्यानं टायरात गांजा लपवला. तो दुसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर, आणि आपली मक्याचे टमाले विकायची गाडी आठ महिने आत!"

"अगं, इथल्या कायद्यानं जप्तीचा खटला मालकावर नाही, गाडीवरच होता. कागदावर काय लिहिलं होतं? 'टेक्सस राज्य विरुद्ध एक पांढरी पिकअप.'"

"म्हणून काय, न्यायाधीशांनी 'गाडीतर्फे कोण आलंय?' विचारल्यावर उठून सांगायचं, 'मी तिचा बाप'?"

"मग? पोटच्या पोरीसारखी सांभाळलीय. तिच्यावर आळ आला तर गप्प बसू?"

"अख्खं कोर्ट हसलं. मला मेलीला तोंड लपवायला जागा उरली नाही."

"न्यायाधीशबाईही हसल्या. मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे पटलं त्यांना."

"गाडी एक अक्षर बोलली नाही, म्हणून सुटली. तुम्ही आणखी बोलला असतात, तर दोघंही आत गेला असतात."

"बरं, ऐक ना. रविवारी भाचा गाडी मागतोय. सासुरवाडीला जायचंय त्याला."

"चालत जा म्हणावं!"

कारकुनानं खिडकीतून किल्ली दिली. म्हातारीनं ती झडप घालून घेतली, पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

"पुढचे या! खटला कोणावर?"

ओफेलियाचं हसू अजून ओसरलं नव्हतं.

"एका निळ्या मोटारीवर," ती म्हणाली. "मी तिची आई."